इव्ह ऑनलाइनमध्ये घरचं इंधन: ग्रहांचा संच कसा जुळवायचा

इव्ह ऑनलाइन या अवकाशातल्या ऑनलाइन खेळात स्ट्रक्चर, म्हणजे खेळाडूंनी अवकाशात बांधलेली ठाणी, फ्युएल ब्लॉक नावाच्या इंधनावर चालतात. असे ४० ब्लॉक बनवायला काय काय लागतं ते आधी पाहू. ग्रहांकडे त्यानंतर वळू. इव्ह ऑनलाइनमध्ये ग्रहांवरचं उत्पादन, म्हणजे खेळाडूंच्या तोंडी असलेलं पीआय, मे २०१० मध्ये टायरॅनिस विस्तारासोबत आलं. तेव्हापासून बहुतेक नवे खेळाडू उलट्या क्रमाने कामाला लागतात. घराजवळ एखादा ग्रह चमकताना दिसला की त्यावर कमांड सेंटर, म्हणजे वसाहतीचं मुख्य केंद्र, टाकायचं, आणि हाती आलेल्या मालाचं काय करायचं हे मग शोधत बसायचं. माल बाजारात विकायचा असेल तर तेही खपून जातं. पण कॉर्पच्या (खेळाडूंच्या गटाच्या) स्ट्रक्चरला लागणारं इंधन स्वतः बनवायचं असेल, तर एकटा ग्रह कितीही श्रीमंत असला तरी त्याचा उपयोग नाही. पाच-सहा ग्रहांचा संच जुळावा लागतो, आणि त्या संचातला सर्वांत दुर्मीळ ग्रह बाकीच्यांच्या जागा ठरवतो.

खाली इंधनाचंच उदाहरण शेवटपर्यंत नेलं आहे. तुम्हाला दुसरं काही बनवायचं असेल तर आकडे बदलतील, पद्धत हीच राहील.

पायरी १: गरज मोजा, तीही तासाच्या हिशोबात

फ्युएल ब्लॉकच्या ब्लूप्रिंटचा, म्हणजे बनवायच्या आराखड्याचा, एक रन (एक फेरा) ४० ब्लॉक देतो. त्यासाठी ग्रहांवरून येणारा माल असा: ९ कूलंट, ४ एनरिच्ड युरेनियम, ४ मेकॅनिकल पार्ट्स, २२ ऑक्सिजन आणि १ रोबोटिक्स. बाकीचं सगळं, म्हणजे हेवी वॉटर, लिक्विड ओझोन, स्ट्रॉन्शियम क्लॅथ्रेट्स आणि आयसोटोप्स, बर्फाच्या खाणकामातून येतं. इथे नावं फसवतात. आइस प्रकारच्या ग्रहावर यातलं काहीही निघत नाही, आणि ऑक्सिजन व ऑक्सिजन आयसोटोप्स हे दोन पूर्णपणे वेगळे माल आहेत. म्हणजे ग्रह कितीही चोख निवडले तरी इंधनाची अर्धीच बाजू सांभाळली जाते. बर्फ खणणारा एखादा दोस्त किंवा बाजार लागतोच.

आता रोज किती रन लागतात? एक अथानॉर (खनिजं शुद्ध करायचं एक स्ट्रक्चर) आहे आणि तिच्यावर फक्त मून ड्रिल, म्हणजे चंद्र खणायचं यंत्र, चालतं असं धरा. ड्रिलचा मूळ दर ताशी ५ ब्लॉक, म्हणजे दिवसाला १२०, म्हणजे फक्त ३ रन. त्याला दिवसाकाठी २७ कूलंट, १२ युरेनियम, १२ मेकॅनिकल पार्ट्स, ६६ ऑक्सिजन आणि ३ रोबोटिक्स पुरतात. ही गरज इतकी किरकोळ आहे की सहा ग्रह रोज पिळायची गरज नाही. आठवड्यातून एकदा फेरी मारली तरी भागतं. दुसऱ्या टोकाला जुन्या पद्धतीच्या तळाचा मोठा कंट्रोल टॉवर ताशी ४० ब्लॉक खातो, म्हणजे तासाला एक पूर्ण रन. या दोन गरजांत आठपटींचा फरक आहे. लोक चुकीचा ग्रह निवडतात त्यापेक्षा जास्त वेळा गरज न मोजता नको तेवढं बांधून ठेवतात, आणि महिन्याभरात रोजच्या क्लिकांना कंटाळून सगळं सोडून देतात.

पुढचा हिशोब ताशी एका रनचा आहे. तुमची गरज त्याच्या एक अष्टमांश असेल तर सगळे आकडे आठाने भागा.

ब्लूप्रिंटवर मटेरियल एफिशियन्सीचं संशोधन पूर्ण झालं असेल तर बहुतेक माल १० टक्क्यांनी कमी लागतो. रोबोटिक्सला मात्र ही सूट लागू पडत नाही, कारण प्रत्येक रनला किमान एक नग लागतोच.

पायरी २: मालापासून कच्च्या मालापर्यंत मागे या

कच्च्या मालानंतरचे टप्पे पी-१, पी-२, पी-३, पी-४ असे ओळखले जातात. बेसिक फॅक्टरी अर्ध्या तासात ३,००० कच्चा माल घेऊन २० नग पी-१ देते, म्हणजे तासाला ६,००० चे ४०. ॲडव्हान्स्ड फॅक्टरी तासाला दोन प्रकारचे ४०-४० पी-१ घेऊन ५ पी-२ देते. थोडक्यात, एका ॲडव्हान्स्ड फॅक्टरीला दोन बेसिक फॅक्टऱ्या बरोब्बर पुरतात. रोबोटिक्स हा पी-३ आहे: १० मेकॅनिकल पार्ट्स आणि १० कन्झ्युमर इलेक्ट्रॉनिक्समधून तासाला ३ नग. तो बनतो त्याच ॲडव्हान्स्ड फॅक्टरीत, हे लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडणार आहे.

आता एकेक माल उलगडू.

कूलंट म्हणजे वॉटर आणि इलेक्ट्रोलाइट्स. ताशी ९ हवे, म्हणजे दोन ॲडव्हान्स्ड फॅक्टऱ्या जवळपास पूर्णवेळ. मागे ॲक्वियस लिक्विड्स आणि आयॉनिक सोल्यूशन्स, प्रत्येकी ताशी १०,८००. संपूर्ण संचातलं हे सर्वांत जड ओझं आहे.

मेकॅनिकल पार्ट्स म्हणजे रिॲक्टिव्ह मेटल्स आणि प्रेशियस मेटल्स. थेट ४ हवे, शिवाय एका रोबोटिक्ससाठी साधारण ३.३. मिळून ७.३, म्हणजे बेस मेटल्स आणि नोबल मेटल्स प्रत्येकी ताशी ८,८००.

एनरिच्ड युरेनियमला टॉक्सिक मेटल्स आणि प्रेशियस मेटल्स लागतात. ताशी ४ साठी हेवी मेटल्स आणि नोबल मेटल्स प्रत्येकी ४,८००.

कन्झ्युमर इलेक्ट्रॉनिक्स फक्त रोबोटिक्ससाठी लागतात: ताशी ३.३, म्हणजे हेवी मेटल्स आणि नॉन-सीएस क्रिस्टल्स प्रत्येकी ४,०००.

ऑक्सिजन तर साधा पी-१. ताशी २२ साठी ३,३०० नोबल गॅस. बेसिक फॅक्टरी निम्म्याहून थोड्या जास्त वेळात काम उरकते.

हे आकडे कागदावर मांडल्यावर चित्र बदलतं. रोबोटिक्स ऐकायला भारदस्त वाटतं, पण त्याचा भार किरकोळ आहे. खरा घाम कूलंट काढतं. म्हणून सर्वांत चांगला ग्रह कूलंटला द्यायचा.

पायरी ३: कोणत्या ग्रहावर काय निघतं

पीआय चालतं अशा ग्रहांचे आठ प्रकार आहेत आणि प्रत्येकावर पाचच कच्चे माल निघतात. ग्रह हायसेकमधला (पोलिसांचं संरक्षण असलेल्या भागातला) असो की वर्महोलमधला (बदलत्या वाटांनीच पोहोचता येणाऱ्या बेवारस भागातला), ही यादी बदलत नाही. बदलतं ते प्रमाण.

- बॅरन: ॲक्वियस लिक्विड्स, बेस मेटल्स, कार्बन कंपाउंड्स, मायक्रोऑर्गॅनिझम्स, नोबल मेटल्स
- गॅस: ॲक्वियस लिक्विड्स, बेस मेटल्स, आयॉनिक सोल्यूशन्स, नोबल गॅस, रिॲक्टिव्ह गॅस
- आइस: ॲक्वियस लिक्विड्स, हेवी मेटल्स, मायक्रोऑर्गॅनिझम्स, नोबल गॅस, प्लँक्टिक कॉलनीज
- लाव्हा: बेस मेटल्स, फेल्सिक मॅग्मा, हेवी मेटल्स, नॉन-सीएस क्रिस्टल्स, सस्पेंडेड प्लाझ्मा
- ओशॅनिक: ॲक्वियस लिक्विड्स, कार्बन कंपाउंड्स, कॉम्प्लेक्स ऑर्गॅनिझम्स, मायक्रोऑर्गॅनिझम्स, प्लँक्टिक कॉलनीज
- प्लाझ्मा: बेस मेटल्स, हेवी मेटल्स, नोबल मेटल्स, नॉन-सीएस क्रिस्टल्स, सस्पेंडेड प्लाझ्मा
- स्टॉर्म: ॲक्वियस लिक्विड्स, बेस मेटल्स, आयॉनिक सोल्यूशन्स, नोबल गॅस, सस्पेंडेड प्लाझ्मा
- टेम्परेट: ॲक्वियस लिक्विड्स, ऑटोट्रोफ्स, कार्बन कंपाउंड्स, कॉम्प्लेक्स ऑर्गॅनिझम्स, मायक्रोऑर्गॅनिझम्स

या यादीवर आपली गरज ठेवून पाहा. कूलंट एकाच ग्रहावर बनवायचं तर गॅस किंवा स्टॉर्म हवा. मेकॅनिकल पार्ट्सला बॅरन किंवा प्लाझ्मा. कन्झ्युमर इलेक्ट्रॉनिक्सला लाव्हा किंवा प्लाझ्मा. ऑक्सिजनला गॅस, आइस, स्टॉर्म, तिन्ही चालतात. आणि युरेनियम? हेवी मेटल्स आणि नोबल मेटल्स एकत्र मिळतात ते फक्त प्लाझ्मा ग्रहावर.

झालं, निवडीची सुरुवात कुठून करायची ते ठरलं. आधी प्लाझ्मा ग्रह शोधा, आणि त्याच्या चार-पाच जंपच्या (एका तारामंडळातून शेजारच्यात जायची उडी म्हणजे एक जंप) आत बाकीचे चार प्रकार मिळतात का ते पाहा. घराजवळचा झकास गॅस ग्रह आधी धरला आणि प्लाझ्मा बारा जंपांवर निघाला, तर दर फेरीला चोवीस जंप पदरी पडतात. एजन्सी विंडोतल्या प्लॅनेटरी प्रॉडक्शनमध्ये ग्रहाचा प्रकार निवडून आसपासचे ग्रह पाहता येतात. एका बैठकीत उमेदवारांची यादी तयार होते.

प्लाझ्मा जवळपास सापडलाच नाही तरी अडून बसू नका. लाव्हावर कन्झ्युमर इलेक्ट्रॉनिक्ससाठी हेवी मेटल्स काढतच आहात; तिथेच थोडे जास्त काढून टॉक्सिक मेटल्स बाहेर आणा आणि बॅरनवर उतरवून तिथल्या प्रेशियस मेटल्ससोबत युरेनियम बनवा. बॅरनवरचा भार वाढतो, जास्तीचा थोडा कर लागतो, पण घरचं युरेनियम मिळतं.

इंधन सोडून दुसरं काही बनवणाऱ्यांसाठी एक इशारा. ऑटोट्रोफ्स फक्त टेम्परेटवर, फेल्सिक मॅग्मा फक्त लाव्हावर आणि रिॲक्टिव्ह गॅस फक्त गॅस ग्रहावर निघतो. त्यामुळे पॉलिॲरामिड्स, मायक्रोफायबर शील्डिंग आणि सिलिकेट ग्लास हे तीन पी-२ एका ग्रहावर कधीच बनत नाहीत. पी-४ पर्यंत जायचं असेल तर हाय-टेक फॅक्टरी फक्त बॅरन आणि टेम्परेटवर बसते, तेव्हा त्यांपैकी एक संचात राखून ठेवा.

पायरी ४: एकाच ग्रहावर पी-२ का बनवायचा

कारण कर. ग्रहाचा माल ज्यातून आत-बाहेर जातो ते कस्टम्स ऑफिस मालाच्या ठरलेल्या मूळ किमतीवर कर घेतं. ती किंमत नगामागे अशी: पी-१ ला ४०० इस्क (खेळातलं चलन), पी-२ ला ७,२००, पी-३ ला ६०,०००, पी-४ ला १२ लाख. बाहेर नेताना पूर्ण दर, ग्रहावर उतरवताना निम्मा.

१० टक्के कराचा ग्रह घ्या. एका तासाचं ५ नग कूलंट त्याच ग्रहावर बनवून बाहेर काढलं तर कर ३,६०० इस्क. तेच ४० वॉटर आणि ४० इलेक्ट्रोलाइट्स बाहेर काढून दुसऱ्या ग्रहावर उतरवले आणि तिथे कूलंट बनवून पुन्हा बाहेर काढलं, तर ३,२०० अधिक १,६०० अधिक ३,६००, म्हणजे ८,४०० इस्क. माल तोच, कर दुपटीच्या वर.

वाहतुकीचंही तसंच. कच्च्या मालाचा पी-१ केला की घनमान सुमारे चौथ्या हिश्श्यावर येतं, पी-१ चा पी-२ केला की पुन्हा चौथ्या हिश्श्यावर. म्हणजे पी-२ करून उचललेला माल कच्च्या मालाच्या साधारण सोळाव्या हिश्श्याची जागा खातो. एपिथल नावाच्या गॅलंटे हॉलरला (मालवाहू जहाजाला) ग्रहांच्या मालासाठी वेगळा मोठा होल्ड आहे. एका माणसाच्या इंधनाच्या संचाला ते एक जहाज पुरेसं आहे.

अनुभवी खेळाडू काही ग्रह फक्त उपसायला आणि एक ग्रह फक्त कारखान्यांना ठेवतात. पी-३, पी-४ मोठ्या प्रमाणात विकणाऱ्यांना ते परवडतं, विशेषतः कर जवळजवळ शून्य असलेल्या ठिकाणी. आपल्या पाच मालांच्या यादीला ते मला उगाचच वाटतं.

पायरी ५: रोबोटिक्ससाठी वेगळा ग्रह नको

इंटरप्लॅनेटरी कन्सॉलिडेशन कौशल्य पाचव्या पातळीला नेलं की एका पात्राला सहा ग्रह मिळतात. मालांची यादी पाहून सहज असं वाटतं: पाच ग्रह पाच मालांना (रोबोटिक्स सोडून उरलेले चार आणि कन्झ्युमर इलेक्ट्रॉनिक्स), सहावा रोबोटिक्सच्या कारखान्याला. नको. रोबोटिक्सची ॲडव्हान्स्ड फॅक्टरी मेकॅनिकल पार्ट्स बनवणाऱ्या बॅरनवरच बसवा. अर्धा माल तिथे आयताच तयार होतो, बाहेरून उतरवायचे फक्त कन्झ्युमर इलेक्ट्रॉनिक्स.

ताशी एका रनच्या गतीने दिवसाचे ८० मेकॅनिकल पार्ट्स रोबोटिक्सकडे जातात. ते बाहेर काढून दुसऱ्या ग्रहावर उतरवायचा खर्च १० टक्के दराने रोज ८६,४०० इस्क. तो वाचतो आणि अख्खा एक ग्रह मोकळा होतो.

मोकळा झालेला सहावा ग्रह कूलंटला द्या. दोन कूलंट ग्रह असले की प्रत्येकावरचा भार ताशी ५,४०० वर येतो, आणि हायसेकमधले उपसून गेलेले ग्रहही तेवढं पेलू शकतात.

वीज पुरते का, तेही पाहून घेऊ. एक्स्ट्रॅक्टर कच्चा माल उपसतो, हेड ही त्याची उपसणारी टोकं, लाँचपॅडवरून माल ग्रहाबाहेर जातो, आणि लिंक्स या सगळ्यांना जोडतात. कमांड सेंटर पाचव्या पातळीला १९,००० मेगावॉट देतं. बॅरनवर दोन एक्स्ट्रॅक्टर (२,६०० प्रत्येकी), चार बेसिक फॅक्टऱ्या (८०० प्रत्येकी), तीन ॲडव्हान्स्ड (७०० प्रत्येकी) आणि एक लाँचपॅड (७००) मिळून ११,२०० मेगावॉट खातात. उरलेल्या ७,८०० मधून लिंक्सची वीज वजा केली की ५५० मेगावॉटची बारा-तेरा हेड बसतात. चौथ्या पातळीला एकूण १७,००० मेगावॉटच मिळतात, म्हणजे तीन-चार हेड कमी. काम तरीही चालतं. सीपीयूची या मांडणीत अडचण येत नाही. आधी संपते ती वीज.

पायरी ६: त्याच प्रकारच्या दोन ग्रहांतून एक निवडताना

इथवर प्रकार ठरले. आता प्रत्यक्ष ग्रह.

सर्वांत आधी त्रिज्या पाहा. शो इन्फोमध्ये दिसते. लिंक जितकी लांब, तितकी वीज आणि सीपीयू जास्त, आणि मोठ्या ग्रहावर सगळंच लांब पडतं. गॅस ग्रह बहुधा अवाढव्य असतात. म्हणून कूलंटसाठी गॅस आणि स्टॉर्म दोन्ही हाताशी असतील तर मी डोळे झाकून लहान स्टॉर्म घेईन, गॅस थोडा श्रीमंत दिसला तरी. वाचलेल्या विजेत दोन-तीन हेड जास्त बसतात आणि ती श्रीमंतीची कसर भरून काढतात.

मग लागणाऱ्या दोन्ही मालांचे गरम डाग, म्हणजे माल दाट असलेल्या जागा, एकमेकांपासून किती दूर आहेत ते पाहा. स्कॅनमध्ये रंगांच्या पट्ट्याची दोन्ही टोकं सरकवत जा, म्हणजे सगळीकडे पसरलेला रंग आवरतो आणि खरे डाग उठून दिसतात. प्लॅनेटॉलॉजीची कौशल्यं कमी असतील तर चित्र धूसर येतं. शेवटचा निर्णय त्यावर घेऊ नका. दोन्ही डाग शेजारी-शेजारी असलेला मध्यम ग्रह हा एक डाग उत्तर ध्रुवावर आणि दुसरा दक्षिणेला असलेल्या श्रीमंत ग्रहापेक्षा बरा.

मालाच्या नावापुढची पट्टी ढोबळ अंदाज देते, त्याहून अधिक काही नाही. विश्वास ठेवावा तो हेड मांडल्यावर दिसणाऱ्या ताशी आकड्यावर. एक्स्ट्रॅक्टरची किंमत ४५,००० इस्क आहे, तेव्हा शंका असेल तर टाकून बघा. महाग पडतो तो लाँचपॅड, ९ लाख. तो ग्रह पक्का झाल्यावरच बांधा. कमांड सेंटर ग्रहाच्या प्रकारानुसार वेगळं विकत घ्यावं लागतं. लाव्हाचं सेंटर प्लाझ्मावर बसत नाही, हे निघण्यापूर्वी कार्गोत तपासा.

सिक्युरिटी जितकी कमी, तितका ग्रह सढळ. हायसेकमध्ये, त्यातून जिटासारख्या व्यापारी केंद्राच्या आसपास, एकाच डागावर अनेकांची हेड बसलेली असतात आणि डाग उपसून फिका पडलेला असतो. ताशी १०,८०० प्रत्येकी हा कूलंटचा आकडा तिथे एका ग्रहावरून निघणं कठीण. दोन ग्रहांची तजवीज त्यासाठीच केली. लोसेकमध्ये, म्हणजे कमी संरक्षणाच्या भागात, उत्पन्न वाढतं, सोबत गेटवर टपलेले लोकही येतात. नलसेक (संरक्षण मुळीच नसलेला भाग) किंवा वर्महोलमध्ये स्वतःच्या कॉर्पची जागा असेल तर प्रश्नच मिटला.

आणि कर. कस्टम्स ऑफिस खेळाडूंच्या मालकीचं झालं ते २०११ च्या क्रूसिबल विस्तारापासून, हायसेकमध्ये २०१३ च्या रुबिकॉनपासून. दर मालक ठरवतो. हायसेकमध्ये त्यावर खेळाचा स्वतःचा १० टक्के कर बसतो, जो कस्टम्स कोड एक्सपर्टीज कौशल्याने ५ पर्यंत उतरतो. बाकी ठिकाणी हा वरचा कर नाही. सगळीकडे १० टक्के धरले तर वरच्या संचाचा दिवसाचा कर ५,४५,२८० इस्क होतो आणि ब्लॉक निघतात ९६०, म्हणजे ब्लॉकमागे सुमारे ५६८ इस्क. बाजारभावाशी ताडून पाहा आणि मग एखादा जास्त कराचा ग्रह घ्यायचा की दोन जंप पुढे जायचं ते ठरवा. माझं मत असं: कूलंट आणि रोबोटिक्सचे ग्रह कमी कराचे हवेतच, कारण निम्म्याहून अधिक कर तिथेच जातो. ऑक्सिजनच्या ग्रहावर कर दुप्पट असला तरी फरक नगण्य.

पायरी ७: तुमच्या घड्याळाला बसणारी लय

एक्स्ट्रॅक्टरचा कार्यक्रम तासाभरापासून १४ दिवसांपर्यंत लावता येतो. छोटा कार्यक्रम जास्त माल देतो, मोठा कमी, कारण उत्पादन सुरुवातीला चढं असतं आणि हळूहळू उतरतं. फॅक्टऱ्यांची भूक मात्र रोज तेवढीच. तेव्हा चढत्या काळातला जादा माल साठवायला जागा लागते. एक्स्ट्रॅक्टरचा माल थेट फॅक्टरीत न पाठवता लाँचपॅडमध्ये येऊ द्या आणि तिथून फॅक्टऱ्यांना वाटा. लाँचपॅडची १०,००० घनमीटर जागा एक-दोन दिवसांच्या कार्यक्रमाला पुरते. त्याहून लांबच्या कार्यक्रमाला शेजारी स्टोरेज बांधा.

हेड नव्याने मांडून कार्यक्रम चालू करणं कुठूनही करता येतं, त्या सिस्टिममध्ये असण्याची गरज नाही. माल उचलायला मात्र जहाज घेऊन कस्टम्स ऑफिसवर जावंच लागतं. म्हणून ग्रह निवडताना रोज किती वेळा क्लिक करणार आणि आठवड्यातून किती वेळा उडणार हे दोन प्रश्न वेगळे ठेवा. रोज रात्री जेवणानंतर दहा मिनिटं देऊ शकणाऱ्याला दिवसाचा कार्यक्रम आणि मध्यम ग्रहही चालतात. फक्त शनिवार-रविवारी खेळणाऱ्याने आठवड्याचा कार्यक्रम लावावा. मग त्याला श्रीमंत ग्रह हवेत, किंवा मून ड्रिलएवढी लहान गरज.

सर्व्हरचा रोजचा डाउनटाइम ११:०० यूटीसीला असतो, आपल्याकडे दुपारी साडेचारला. ग्रहांवरचं काम त्याने थांबत नाही, पण ऑफिसातून चोरून कार्यक्रम लावायची तुमची वेळ नेमकी तीच असेल तर दुसरी वेळ शोधा.

बांधणीचा क्रम

पाचही ग्रह एका दिवशी सुरू करू नका. आधी कूलंट. तोच सर्वांत जड, आणि तो जमला तर बाकीचे जमणारच. तीन-चार दिवस ताशी आकडा पाहा. फॅक्टऱ्या उपाशी राहत असतील तर आधी हेड हलवा, तरी भागेना तर ग्रह बदला. अजून फारसा पैसा अडकलेला नाही.

मग बॅरन आणि प्लाझ्मा. लाव्हा त्यानंतर, आणि ऑक्सिजन शेवटी. ऑक्सिजनचा ग्रह इतका निवांत असतो की तिथे जादा नोबल गॅस काढून ऑक्सिजन बाजारात विकता येतो. कूलंटच्या गॅस किंवा स्टॉर्म ग्रहावरच नोबल गॅससाठी तिसरा एक्स्ट्रॅक्टर बसवून एक ग्रह वाचवता येईल असं वाटतं, पण मांडून पाहिलं तर तीन एक्स्ट्रॅक्टर, पाच बेसिक, दोन ॲडव्हान्स्ड आणि लाँचपॅड मिळून १३,९०० मेगावॉट होतात. उरलेल्या विजेत नऊच्या आतच हेड बसतात, तीही तीन मालांत वाटून. ताशी एका रनला हे पुरत नाही. मून ड्रिलपुरती गरज असेल तर मात्र जरूर करा; तेव्हा दोन-तीन ग्रहांत सगळा संसार आटोपतो.

कौशल्यांत आधी कमांड सेंटर अपग्रेड्स चौथ्या पातळीपर्यंत न्या, मग इंटरप्लॅनेटरी कन्सॉलिडेशन. पाचवी पातळी दोन्हीकडे बराच वेळ खाते आणि ती नसतानाही पाच ग्रह नीट चालतात.

स्वतः काय बनवायचं नाही

घरचा माल फुकटचा नसतो. तुमच्या ९ कूलंटला बाजारात जो भाव आहे तोच तुमच्या इंधनात गेलेला खर्च. तेव्हा महिन्यातून एकदा पाचही मालांचे भाव काढा. एखाद्या ग्रहावरचा माल विकून येणाऱ्या पैशात इंधनाचा तो घटक जास्त मिळत असेल तर विका आणि विकत घ्या.

त्या दृष्टीने रोबोटिक्स हा पहिला उमेदवार. दिवसाचे २४ नगच लागतात, जागा नाममात्र घेतात, महिन्याचा साठा एका खेपेत येतो. तो विकत घेतला की लाव्हा ग्रह सुटतो, बॅरनवरचा भार जवळजवळ निम्मा होतो आणि कन्झ्युमर इलेक्ट्रॉनिक्सची ने-आण थांबते. कूलंट आणि ऑक्सिजनचं उलट. ते नगांनी खूप लागतात, आणि व्यापारी केंद्रापासून लांब, नलसेकच्या किंवा वर्महोलच्या पोटात राहणाऱ्यांना ते ओढून आणणं नकोसं होतं. तिथे हे दोन घरीच बनवावेत, भाव काहीही असो. हायसेकमध्ये बाजारापासून चार जंपांवर राहत असाल तर एवढा हट्ट कशाला?

ग्रह सोडायचा कधी, हेही ठरवून ठेवा. शेजारी नवी हेड आली, आकडा आठवडाभर उतरत राहिला आणि हेड दुसऱ्या डागावर नेऊनही सुधारला नाही, तर साठा बाहेर काढा आणि कमांड सेंटर मोडा. बांधलेल्यातलं काही परत मिळत नाही, पण दोन एक्स्ट्रॅक्टर, काही फॅक्टऱ्या आणि लाँचपॅड मिळून सगळं वीसेक लाखांचं काम असतं. मालकाने अचानक कर वाढवला तर मोडण्याआधी त्याला एक मेल टाकून पाहा. नियमित माल काढणाऱ्याला सवलत देणारे बरेच असतात, कारण ओस पडलेल्या ग्रहाचा कर शून्यच येतो.